बायफोकल सेमी-सॉफ्ट लेन्स खुपतात: सवय होईल, की लेन्समध्येच काही चुकलंय?

पांढरा खडू | १२ जुलै

नमस्कार मंडळी. या विषयावर मराठीत मला फारसं काही सापडलं नाही, म्हणून धागा काढते आहे. जरा लांब लिहिते, कारण थोडक्यात सांगितलं की प्रत्येक जण "मग चष्मा लावा की" एवढंच म्हणतो.

माझं वय ५१. नाशिकला माध्यमिक शाळेत गणित शिकवते. लहानपणापासून जाड चष्मा. बारावी होईपर्यंत नंबर उणे दहाच्या घरात गेला आणि १९९२ मध्ये वडिलांनी पुण्याला नेऊन सेमी-सॉफ्ट लेन्स करून दिल्या. आपल्याकडे सेमी-सॉफ्ट म्हणतात त्या खरं तर कडकच असतात, फक्त त्यांच्यातून प्राणवायू आरपार जातो. तेव्हापासून तेहतीस वर्षं मी याच प्रकारच्या लेन्स वापरते आहे. दर काही वर्षांनी जोडी बदलली, पण त्रास असा कधी झाला नाही. लेन्स घातली आहे हे मी विसरून जात असे.

चाळिशीने मला पंचेचाळिसाव्या वर्षी गाठलं. लेन्सवरून वाचायचा चष्मा लावायला लागले. वर्गात ते फार जड जातं. वहीत बघायचं तर चष्मा चढवा, शेवटच्या बाकाकडे बघायचं तर उतरवा. एका तासात तीस वेळा. म्हणून या मे महिन्यात बायफोकल सेमी-सॉफ्ट करून घेतल्या. वरच्या भागात लांबचा नंबर, खालच्या भागात जवळचा.

आज सहा आठवडे झाले. उजवा डोळा बरा आहे. डाव्या डोळ्यात खालच्या पापणीच्या आतल्या कडेला तांदळाची कणी अडकावी तसं खुपत राहतं. चौथ्या तासापर्यंत डोळा लाल होतो. वही तपासताना अक्षरं कधी नीट दिसतात, कधी दुहेरी. जिथे लेन्स केल्या तिथे तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा "होईल सवय" हेच उत्तर मिळालं. खर्च थोडाथोडका नव्हता, आणि त्याहून जास्त म्हणजे मला ही सोय मनापासून हवी आहे. अजून किती दिवस थांबू? कुणी या लेन्स वापरतं का?

शेवंती | १२ जुलै

ताई, बायफोकलचा अनुभव नाही, पण सेमी-सॉफ्टची पंचवीस वर्षं माझीही झाली. दोन गोष्टी विचारते. काजळ घालता का? आणि पाळी जाण्याच्या वयात डोळे कोरडे पडायला लागलेत का? मला पन्नाशीला दोन्हींचा फटका बसला. पापणीच्या ओल्या कडेवर काजळ घातलं की ते तेलकट असल्यामुळे लेन्सला चिकटतं आणि लेन्सवर ढग आल्यासारखं होतं. आता मी काजळ घातलंच तर पापणीच्या बाहेरच्या बाजूला, केसांच्या मुळांपाशी, आणि तेही लेन्स घातल्यानंतर. डोक्याला तेल लावायचं तर रात्री, लेन्स काढून ठेवल्यावर. मिरच्या चिरल्या की त्या हातांनी त्या दिवशी लेन्स काढायची नाही, नवऱ्याला काढायला लावते. साबणाने तीनदा हात धुतले तरी तिखट बोटांवर राहतंच.

कृष्णाकाठ | १३ जुलै

मी सांगलीचा. मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी बायफोकल सेमी-सॉफ्ट करून घेतल्या, पाच महिने वापरल्या आणि सोडल्या. आता लांबच्या नंबराच्या साध्या सेमी-सॉफ्ट घालतो आणि पावतीपुस्तकासाठी गळ्यात चष्मा अडकवलेला असतो. मला यात हरल्यासारखं काही वाटत नाही. हंगामात यार्डातली हवाच पिवळी असते, आणि बायफोकल लेन्स डोळ्यात जास्त हलते, तिच्याखाली कण गेला की जीव नकोसा होतो. तुमच्याकडे खडूची भुकटी असणारच. त्याचाही विचार करा.

एक सांगतो, वीस वर्षं मी लेन्स नळाखाली धुतो आहे, कधी काही झालं नाही. द्रावणाच्या भानगडीत पडू नका, उलट त्यानेच चुरचुरतं.

भिंगवाला | १३ जुलै

मी मुंबईत ऑप्टोमेट्रिस्ट आहे, सतरा वर्षं मुख्यतः कडक लेन्सच बसवतो आहे. ताईंना उत्तर द्यायच्या आधी दादांच्या नळाच्या पाण्याबद्दल बोलतो, कारण ते कुणी वाचून करू नये. नळाच्या, टाकीच्या, विहिरीच्या, फिल्टरच्या कोणत्याही पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सबरोबर डोळ्यात गेला आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात शिरला, तर महिनोन्महिने उपचार चालतात आणि दृष्टी जाऊही शकते. हे क्वचित होतं. पण ज्यांना झालं त्यांनाही त्याआधी काही झालं नव्हतं. दादा, कृपया आजपासून धुण्यासाठी निर्जंतुक सलाईन किंवा कडक लेन्सचं द्रावण वापरा. द्रावण चुरचुरत असेल तर ते बदलता येतं. आणि लेन्सची डबी पाण्याने न विसळता द्रावणाने विसळून, उघडी पालथी घालून वाळवा.

आता ताई. सहा आठवडे हा सवयीचा काळ नाही. तुम्ही नवशिक्या असतात तरी दोन-तीन आठवडे पुरले असते, आणि तुम्हाला तर तेहतीस वर्षांचा सराव आहे. सवय होत असेल तर त्रास रोज थोडा थोडा उतरतो. तुमचा उतरलेला नाही.

तुम्ही "खुपतं" हा शब्द वापरलात, तो मला फार उपयोगाचा वाटला. माझ्याकडे लोक "त्रास होतो" एवढंच सांगतात आणि मग मला खोदून विचारावं लागतं. आपल्या भाषेत इतके नेमके शब्द आहेत, ते वापरावेत. एका ठरावीक जागी खुपत असेल तर मी आधी लेन्सची कड आणि तिची बैठक बघतो. संध्याकाळकडे चुरचुरायला लागत असेल तर कोरडेपणा. खाज येत असेल, विशेषतः लेन्स काढल्यावर जास्त, तर वरच्या पापणीच्या आत ॲलर्जीचे फोड आलेत का ते पापणी उलटून बघतो. घातल्या घातल्या जळजळ होऊन दहा मिनिटांत शमत असेल तर द्रावण किंवा हाताला लागलेलं काहीतरी. नुसतं धूसर होत असेल आणि लेन्स पुसल्यावर तेवढ्यापुरतं सुधारत असेल तर लेन्सवर साचलेला थर. अचानक टोचून घळाघळा पाणी आलं तर कण. आणि लेन्स काढल्यावरही दुखत राहिलं, उजेड सहन झाला नाही, तर तो प्रश्न लेन्सचा राहिला नाही, डोळ्याच्या डॉक्टरचा झाला. त्याच दिवशी.

ही लेन्स चालते कशी ते सांगतो, म्हणजे कुठे बिघडतं ते कळेल. चष्म्याची बायफोकल काच जागेवर असते आणि डोळा खाली जातो. लेन्स डोळ्यावरच बसलेली, ती डोळ्याबरोबर खाली जाणार. मग खालचा भाग बाहुलीसमोर येणार कसा? त्यासाठी लेन्सचा खालचा भाग जाड आणि जड ठेवतात, कधी कधी खालची कड सरळ छाटलेलीही असते. ती कड खालच्या पापणीवर टेकते. तुम्ही नजर खाली नेलीत की डोळा जातो, पण पापणी लेन्सला अडवते, म्हणजे डोळ्याच्या हिशेबाने लेन्स वर सरकते. सरकणं किती, तर दोनेक मिलिमीटर. तेवढ्यावर सगळा खेळ आहे.

म्हणजे खालच्या पापणीला दिवसभर एक जाड कड पेलायची असते. थोडी जाणीव पहिले दिवस राहणारच. पण कड नीट घासून गोल केलेली नसेल तर ती खुपतेच. दुसरं, लेन्स गोल फिरता कामा नये. पापण्या मिटताना ती नाकाकडे किंचित वळते, पाच-दहा अंश, ते गृहीत धरलेलं असतं. त्याहून जास्त वळली तर जवळचा भाग तिरका होतो आणि अक्षरं दुहेरी दिसतात. तिसरं, खालची पापणी बुबुळाच्या खालच्या कडेला लागून हवी. ती वयामुळे सैल झाली असेल किंवा मुळातच खाली असेल तर लेन्स तिच्यामागे घसरते आणि सरकतच नाही. अशा डोळ्याला हा प्रकार चालत नाही, मग कितीही थांबा.

मला एवढं सांगा: खुपणं सकाळपासूनच असतं की नंतर सुरू होतं? वही तपासताना मान खाली घालता की नुसते डोळे? आणि फळ्यावर लिहिताना तुमचंच अक्षर नीट दिसतं का?

पांढरा खडू | १३ जुलै

तुमचा शेवटचा प्रश्न वाचून डोळ्यांत पाणीच आलं, कारण हे मी अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. नाही, फळ्यावर माझंच अक्षर मला नीट दिसत नाही. हाताच्या अंतरावरचे दशांशचिन्ह पुसट होतात. परवा एका मुलीने उठून सांगितलं, "बाई, टिंब राहिलं." तिचं बरोबर होतं. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

खुपणं सकाळी लेन्स घातल्यापासूनच असतं, दुपारी वाढतं. संध्याकाळी त्यात चुरचुर मिसळते, दोन्ही डोळ्यांत. मान खालीच घालते, वह्यांचा गठ्ठा मांडीवर असतो ना. लेन्स काढली की अर्ध्या तासात सगळं शांत होतं.

शेवंती, काजळ नाही घालत. पण पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि डोळे कोरडे पडतात हे खरं.

भिंगवाला | १४ जुलै

काढल्यावर शांत होतं हे चांगलं चिन्ह. तरी तपासणी झाल्याशिवाय मी कारण ठरवणार नाही, इथे बसून ते करूही नये. तुमच्या बोलण्यातून मला तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्या एकत्र झाल्यामुळे गोंधळ होतो आहे.

डाव्या डोळ्यातलं सकाळपासूनचं खुपणं आणि दुहेरी अक्षरं ही बहुधा एकाच लेन्सची तक्रार. उजवा डोळा त्याच पापण्यांत, त्याच खडूत बरा आहे, म्हणजे तुमची सहनशक्ती कमी पडते असं नाही. तपासणाऱ्याला सांगा की डोळ्याला रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघा. रंगाचं पाणी हिरवं चमकतं आणि लेन्स कुठे टेकते, कुठे उचललेली आहे ते दिसतं. पापण्यांची उघडझाप करायला लावून लेन्स किती वळते ते मोजायला सांगा. दोन भागांमधली रेघ बाहुलीच्या खालच्या कडेपाशी आहे का ते विचारा. रेघ वर असेल तर लांबचं बघताना आड येते, फार खाली असेल तर वाचताना जवळचा भाग समोर पोचत नाही. कडक लेन्सची एक मोठी सोय अशी की तिची कड पुन्हा घासून घेता येते. मऊ लेन्सचं तसं नसतं, ती बदलावीच लागते.

संध्याकाळची चुरचुर दोन्ही डोळ्यांत आहे, ती लेन्सची नाही, अश्रूंची. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यांतलं तेल अश्रूंवर पसरतं म्हणून ते लवकर वाळत नाहीत. वयाने आणि पाळी गेल्यावर त्या ग्रंथी तुंबतात. रात्री लेन्स काढल्यावर गरम, सोसवेल इतक्या गरम, ओल्या स्वच्छ रुमालाने मिटलेल्या डोळ्यांना पाच-दहा मिनिटं शेक द्या. रुमाल गार झाला की बदला. मग पापणीच्या कडेवरून हलक्या हाताने बोट फिरवा. रोज करावं लागतं आणि फरक दिसायला काही आठवडे जातात. दिवसा लेन्सवर चालतात असे, टिकवण्याचं रसायन नसलेले थेंब घाला. सर्दीच्या गोळ्यांनीही डोळे कोरडे पडतात, हे लक्षात ठेवा.

तिसरी मान. वही मांडीवर आणि मान खाली, म्हणजे डोळे समोरच राहिले. डोळे खाली गेलेच नाहीत तर पापणी लेन्सला सरकवणार कशी? वह्या टेबलावर ठेवा, पाठ ताठ, हनुवटी जमिनीला समांतर, आणि फक्त नजर खाली. दोन दिवस विचित्र वाटेल.

फळ्याचं दुखणं या रचनेतच आहे. फळा हाताच्या अंतरावर, पण डोळ्यांच्या उंचीला. तिथे बघताना लांबचाच भाग समोर असतो. संगणकाचंही हेच, म्हणून पडदा खाली ठेवायला सांगतो. फळा खाली घेता येत नाही, पण नंबरात थोडी तडजोड करून यावर मार्ग निघतो. तपासणीत हे आवर्जून बोला. तुम्ही शिक्षिका आहात हे सांगणं नंबर सांगण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

दूरदेशी | १४ जुलै

मी ऑस्टिनला असतो. सहा वर्षं बायफोकल कडक लेन्स वापरतो आहे, आणि आता त्यांच्याशिवाय राहवत नाही. माझी पहिली जोडी वेगळ्या प्रकारची होती. त्यात रेघ नव्हती, मध्यभागी लांबचा नंबर आणि कडेकडे हळूहळू जवळचा. खुपायची अजिबात नाही, कारण ती चहूकडून पातळ होती. पण रात्री गाडी चालवताना समोरच्या प्रत्येक दिव्याभोवती वलय आणि पाटीवरच्या अक्षरांना सावली. अंधारात बाहुली मोठी होते आणि कडेचा जवळचा नंबरही त्यात शिरतो, असं डॉक्टरांनी समजावलं. मला रात्रीचं ड्रायव्हिंग फार असल्यामुळे त्यांनी सरकणारी दिली. पहिले दहा दिवस खालच्या पापणीत लेन्स आहे हे प्रत्येक क्षणी कळत होतं, मग कळेनासं झालं. ताई, म्हणून म्हणतो, सवय लागते हे खरं आहे, पण सहा आठवडे नाही.

इथे डिसेंबर ते फेब्रुवारी सीडरच्या झाडांचे पराग हवेत असतात, अख्ख्या गावाचे डोळे खाजतात. त्या दिवसांत मी आठवड्याला प्रथिनं काढणाऱ्या द्रावणात लेन्स ठेवतो आणि फार झालं तर चार दिवस सरळ चष्मा. डोळे खाजत असताना हट्टाने लेन्स घातल्या त्या वर्षी वरच्या पापणीत फोड आले आणि दोन महिने लेन्स बंद ठेवाव्या लागल्या.

अजून एक बारीक गोष्ट. माझी उजवी लेन्स हिरवी आणि डावी निळी आहे. तुमच्या दोन्ही एकाच रंगाच्या असतील तर एकदा खात्री करा की अदलाबदल होत नाही ना. माझी एकदा झाली होती आणि दोन दिवस मी डोळ्याला दोष देत होतो.

घाटरस्ता | १५ जुलै

माझं प्रकरण थोडं वेगळं. केराटोकोनस आहे, म्हणजे कॉर्निया शंकूसारखा पुढे आलेला. पंधरा वर्षं साध्या सेमी-सॉफ्टवर काढली, नंतर त्या शंकूच्या टोकावर घासायला लागल्या. कोल्हापुरातल्या डॉक्टरांनी हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत पाठवलं आणि तिथे स्क्लेरल लेन्स बसवली. ती मोठी असते, साध्या सेमी-सॉफ्टच्या जवळपास दीडपट, आणि बुबुळाला न टेकता डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते. मधल्या पोकळीत सलाईन भरून घालायची. कड पापण्यांखाली जाते, म्हणून खुपत नाही, आणि कण आत शिरत नाही. धुळीच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्याला याचं मोल विचारा. पण ती जागची हलत नसल्यामुळे तिच्यात सरकणारी बायफोकल होत नाही. मी वाचायला चष्माच लावतो. ताई, सरकणारी अगदीच जमली नाही तर हाही रस्ता आहे, एवढंच.

मोरपीस | १६ जुलै

मध्ये चाळिशीचा चष्मा घालवणारे थेंब आल्याच्या बातम्या होत्या, त्यांचं काय झालं? एवढी यातायात करण्यापेक्षा थेंब बरे.

भिंगवाला | १६ जुलै

ते पायलोकार्पिनचे थेंब. अमेरिकेत २०२१ मध्ये त्यांना चाळिशीसाठी मान्यता मिळाली. आपल्याकडे २०२४ मध्ये परवानगीची बातमी आली आणि सप्टेंबरात केंद्रीय औषध नियंत्रकांनी ती स्थगित केली, जाहिरातीतल्या दाव्यांमुळे. औषध काही नवं नाही, काचबिंदूसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. बाहुली लहान होते म्हणून जवळचं काही तास बरं दिसतं. पण ताईंसारख्या मोठ्या उणे नंबराच्या डोळ्यांत मागचा पडदा, म्हणजे रेटिना, मुळातच ताणलेला असतो. अशांनी पडदा तपासून घेतल्याशिवाय या थेंबांच्या वाटेला जाऊ नये.

याच निमित्ताने सांगतो, मोठ्या उणे नंबराच्या लोकांना लेन्सवर चाळिशी चष्म्यापेक्षा आधी जाणवते. उणे नंबराच्या चष्म्यातून जवळचं बघताना डोळ्याला जोर कमी लावावा लागतो, लेन्समधून तो पूर्ण लागतो. "चष्म्यात वाचता येतं आणि लेन्समध्ये नाही, म्हणजे लेन्सचा नंबर चुकला" असं म्हणत बरेच जण येतात. तो चुकलेला नसतो.

अबोली | १९ जुलै

मी फोंड्याहून. शिवणकाम करते. मान खाली न घालता नजर खाली, हे वाचून मशीनची खुर्ची उंच केली आणि माझ्या साध्या बायफोकल चष्म्यातही मानेला आराम पडला! ताई, पुढे काय झालं ते नक्की लिहा.

पांढरा खडू | २१ सप्टेंबर

मंडळी, उशीर झाला. घटक चाचण्या आणि गणपती यांत दिवस गेले.

जुलैच्या शेवटी दुसरीकडे दाखवलं. ठिकाणाचं नाव इथे लिहीत नाही. त्यांनी पाऊण तास नुसतं बघण्यात घालवला. भिंगवाला म्हणाले तसा रंग लावला, पापण्या मिटायला लावल्या, समोर वाचायला कागद दिला आणि मी मान खाली घातल्यावर काहीच न बोलता कागद काढून टेबलावर ठेवला.

डावी लेन्स नाकाकडे वीस अंश वळत होती. आणि खालची कड उजवीपेक्षा उघड उघड जाड. त्यांनी भिंगाखाली दोन्ही लेन्स शेजारी ठेवून मला दाखवल्या, तेव्हा माझा दोन महिन्यांचा राग आणि रडू दोन्ही एकदम बाहेर आलं. मी घरी सगळ्यांना सांगत होते की माझाच डोळा नाजूक झालाय. मुलगा म्हणत होता, आई, सोडून दे. आणि तिथे ती कड माझ्या डोळ्यांसमोर होती.

कड आधी घासून दिली. खुपणं निम्म्यावर आलं. मग ते वळणं हिशेबात धरून डावी लेन्स नवी मागवली, ती अठरा दिवसांनी आली. तोवर जुन्या साध्या लेन्स आणि चष्मा. नव्या लेन्समध्ये अक्षरं एकच दिसतात. फळ्यासाठी त्यांनी डाव्या डोळ्याचा लांबचा नंबर अर्ध्या नंबराने कमी ठेवला. आता फळ्यावरचं टिंब डावा डोळा बघतो आणि शेवटचा बाक उजवा. मला ते वेगळं जाणवत नाही, मात्र रात्री स्कूटर चालवताना त्या अर्ध्या नंबराचा पातळ चष्मा लावते, तोही त्यांनीच सुचवला.

शेक रोज रात्री देते. पहिले तीन आठवडे काही फरक नाही, चौथ्यात जाणवला. फळा ओल्या फडक्याने पुसते, सुकं डस्टर बंद. मान अजून खाली जाते, सवय तीस वर्षांची आहे. वर्गातल्या एका मुलीला सांगून ठेवलंय, ती "बाई, मान" म्हणते.

डावा डोळा दहा तास नीट राहतो. सातव्या तासाला पापणीत लेन्स आहे हे कळतं, पण खुपत नाही. संगणकावर निकाल भरायचे असतील तर लेन्स काढून चष्मा लावते. त्यावर उपाय निघालेला नाही आणि मला तो एवढा नकोही आहे.

कृष्णाकाठ दादा, नळाचं पाणी सोडलंत का?

कृष्णाकाठ | २१ सप्टेंबर

सोडलं ताई. त्याच आठवड्यात. डबीही नवी घेतली. तुमचं वाचून आनंद झाला.

रानजाई | २८ सप्टेंबर

धागा आज सापडला. मीही सेमी-सॉफ्ट वापरते. परवापासून उजवा डोळा दुखतोय. लेन्स काढून दोन दिवस झाले, तरी थांबलेलं नाही. खिडकीकडे बघवत नाही. घरात जुने थेंब आहेत, ते घालून सोमवारपर्यंत थांबू का? आज रविवार, आमच्या तालुक्याला दवाखाना बंद असतो.

भिंगवाला | २८ सप्टेंबर

थांबू नका. जुने थेंब घालू नका, डोळ्यावर पट्टी बांधू नका. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग रविवारीही सुरू असतो, आत्ता निघा. लेन्स आणि तिची डबी, आहे तशी, द्रावणासकट सोबत न्या. धुऊ नका, त्यातूनच काय वाढलंय ते तपासता येतं.

पांढरा खडू | २८ सप्टेंबर

रानजाई, सोबत कुणाला तरी घेऊन जा. पोचल्यावर इथे लिहा.

रानजाई | २८ सप्टेंबर, रात्री

आत्ता परतले, भाऊ सोबत होता. कॉर्नियावर छोटा पांढरा ठिपका निघाला, इन्फेक्शन सुरू झालंय. मध्यभागी नाही, कडेला आहे. दर तासाला थेंब घालायचे आहेत, रात्रीही. लेन्स आणि डबी त्यांनी ठेवून घेतली. उद्या सकाळी पुन्हा बोलावलंय.